उसनं गोत

लढाईच्या दिवसांत सांगलीच्या चंद्रिका फोटो स्टुडिओत सगळ्यात जास्त काम यायचं ते जोडफोटोंचं. नवरा आफ्रिकेत नाहीतर इटलीत, बायको शिराळ्याकडच्या एखाद्या गावात, आणि दोघांचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नाही. मग सासरा पोराचा वर्दीतला फोटो धोतराच्या सोग्यात जपत घेऊन यायचा. सुनेला खुर्चीवर बसवून तिचा फोटो निघायचा आणि आतल्या खोलीत क्षमाच्या टेबलावर दोघांची गाठ पडायची. क्षमा बारीक कात्रीने शिपायाला त्याच्या पलटणीतून कापून काढायची, बायकोच्या खुर्चीमागे चिकटवायची, सांध्यावरून ब्रश फिरवायची, त्या जोडीचा पुन्हा फोटो घेऊन तो हाताने रंगवायची. लुगडं अंजिरी, दागिने पिवळे, गालांवर किंचित गुलाबी. फोटो न्यायला आलेल्या सुनेला क्षणभर वाटायचं, धनी खरंच मागे उभा आहे.

चेहऱ्याच्या रंगावरून मात्र गिऱ्हाइकांची रोज कुरकुर असायची. कुणाला मुलगी उजळ दाखवून हवी, कुणाला म्हाताऱ्याचा रांगडा काळा रंग तसाच हवा. बाकी सगळ्यांसाठी क्षमाकडे गव्हाळ रंगाची एक वाटी कायम कालवून ठेवलेली असे.

तिचा स्वतःचा रंग त्या वाटीतला नव्हता. ती गोरी होती, केस उन्हात तांबूस दिसायचे आणि डोळे घारे होते. सांगलीत घाऱ्या डोळ्यांचं कुणाला नवल नव्हतं. स्टुडिओचे मालक गोपाळकृष्ण लिमये, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, त्यांचेही डोळे घारेच होते. त्यामुळे बघणारा आपसूकच समजायचा की ही तात्यांची भाची किंवा पुतणी असणार. "नात्यातली का हो?" असं कुणी विचारलं की तात्या मान डोलावत. नाही म्हटलं असतं तर मग ही कोण, हा पुढचा प्रश्न आला असता.

एकदा एक जाणती बाई फोटोची वाट बघत बसली होती. तिने क्षमाला आडनाव विचारलं.

"जाधव," क्षमा म्हणाली.

"जाधव? मग हे डोळे कुणाचे घेतलेस गं?"

क्षमा हसली आणि आत निघून गेली. हसून आत जाण्याची तिला आता सवय झाली होती.

तिची आई अंजना साताऱ्याला होती. शिराळ्याकडच्या शेतकरी घरातली मुलगी. नवरा पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला तो परत आला नाही, आणि पोटासाठी ती साताऱ्याच्या कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला लागली. साहेब पाटबंधाऱ्यांवरचा इंजिनियर, एकटा राहणारा. क्षमा जन्मायच्या आधीच तो विलायतेला निघून गेला. अंजनाच्या थोरल्या भावाने, नाथाजीने, तिला पुन्हा घराची पायरी चढू दिली नाही. मग तिने मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापल्या, तिथेच मुलीला शिकवलं. मिशनच्या बायकांनी दोघींना बाप्तिस्मा घ्या म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. अंजना म्हणाली, "येवडं एक तरी माजं ऱ्हाऊ द्या." क्षमाचा हात चित्रकलेत चांगला होता. सरकारी परीक्षा पास झाल्यावर तिथल्या ड्रॉइंगच्या बाईंनी तात्यांकडे शब्द टाकला आणि ती सांगलीला आली.

बापाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. आई नुसतं 'साहेब' म्हणायची आणि तेही क्वचित. घरात एकच फोटो होता. बंगल्याच्या पायरीवर वेताच्या खुर्चीत एक मोठं कुत्रं बसलंय, खुर्चीपाशी तरुण अंजना उभी आहे, पदर खांद्यावरून घेतलेला, नजर समोर. आणि उजव्या कडेला, पांढऱ्या बाहीतला एक हात कुत्र्याच्या पट्ट्यावर. हात तेवढाच. बाकीचा माणूस फोटोच्या बाहेर राहिला होता. क्षमाने लहानपणापासून तो हात इतक्या वेळा पाहिला होता की त्याच्या बोटांची ठेवण तिला स्वतःच्या बोटांपेक्षा जास्त पाठ होती.

चव्वेचाळीस साली दिवाळीत ती साताऱ्याला गेली असताना कॅम्पात एक म्हातारी मडम वारली. मागे कुणी नव्हतं, म्हणून तिच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. क्षमा विलायती रंगांच्या आशेने गेली. रंगांची पेटी मिळाली, आणि तिच्याबरोबर लिलाववाल्याने एक जाडजूड अल्बमही तिच्या हातात कोंबला. "घेऊन जा बाई, हे मढं कुणी मागत नाही," तो म्हणाला.

सांगलीला आपल्या भाड्याच्या खोलीत तिने तो उघडला. सफरचंदाच्या झाडाखाली लोकर विणत बसलेली म्हातारी. तट्टावरची पोरं. समुद्रकाठी पाठमोऱ्या दोन बहिणी. हॅट घातलेला एक उंच माणूस, कुंपणाला रेलून. खाली लिहिलेली नावं तिने वाचली आणि मुद्दाम विसरली. आपला बाप यांच्यात नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी रोज स्टुडिओतून आली की ती अल्बम उघडून बसायची. काही महिन्यांनी त्या विणणाऱ्या म्हातारीला ती मनात आजी म्हणू लागली. घरमालकीण दारावरून जाताना विचारायची, "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही," क्षमा म्हणायची, आणि ते खरंच होतं.

मग तिने ठरवलं की जे इतरांसाठी करतो ते एकदा स्वतःसाठी करायचं. अल्बममधल्या फोटोंचे तिने स्टुडिओत फोटो घेतले. आईच्या बाजूची आजी हवी होती. तिचा फोटो कुठून आणणार? स्टुडिओच्या कपाटात कुणी न्यायला न आलेले फोटो पडून असत. त्यात नऊवारी नेसलेली, मोठ्या कुंकवाची एक खेड्यातली म्हातारी होती. ती तिने उचलली.

या सगळ्यांचा छोटा जोडफोटो करून त्यावरून तिने मोठं तैलचित्र करायला घेतलं. बंगल्याचा व्हरांडा. वेताच्या दोन खुर्च्यांत दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी, एकीच्या मांडीवर लोकर, दुसरीच्या मांडीवर हात जोडून ठेवलेले. मध्ये आई. उजवीकडे हॅटवाला माणूस, आणि त्याच्या खांद्याला तिने जोडला तो आईच्या फोटोतला पांढऱ्या बाहीचा हात. तो सांधा बुजवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळ्यांच्या पुढे पायरीवर ती स्वतः, शाळेच्या फोटोतून घेतलेली.

बाकीच्यांचे रंग भराभर झाले. तिच्या स्वतःच्या चेहऱ्याशी घोडं अडलं. पांढऱ्यात गेरू कालवला की ती मडमेची नात दिसायची. पिवळा वाढवला की जोडफोटोतली सून. ती रंग लावायची, फडक्याने पुसायची, पुन्हा लावायची. शेवटी तिने तो चेहरा फोटोत होता तसाच ठेवला, काळ्या-करड्या छटांत. एवढ्या रंगीत मंडळींत ती एकटीच न रंगवलेली राहिली. चित्राखाली तिने लिहिलं: 'आमच्या घरचे'.

लढाई संपली. सेहेचाळीसच्या सुरुवातीला गावातल्या हौशी चित्रकारांनी एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. तात्यांनी चित्र न पाहताच तिचं नाव दिलं होतं. कृष्णेचे घाट, देवादिकांची चित्रं, फुलदाण्या यांच्या ओळीत तिचं चित्र लागलं. लोक त्याच्यासमोर थांबायचे आणि गोंधळायचे.

"ही मडम कोण?" एका मास्तरांनी विचारलं.

"आजी."

"आणि ही शेजारची?"

"तीही आजीच."

मास्तरांनी एकदा चित्राकडे, एकदा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. बाहेर पायरीवर उभं राहून त्यांनी दुसऱ्या दोघांना काहीतरी सांगितलं आणि ते दोघेही परत आत येऊन तिच्याकडे बघून गेले.

त्याच दिवशी दुपारी खाकी कोट घातलेला एक उंच गडी आत आला. आधी तो स्टुडिओत गेला होता. आजीचा फोटो न्यायचा राहिलाय म्हणून त्याने चौकशी केली. कपाटात फोटो सापडेना, तेव्हा तात्यांनी त्याला क्षमाकडे धाडलं होतं. तो दारातून तिला शोधत पुढे आला आणि चित्रासमोर थबकला.

"ह्ये कुनी काडलंय?"

"मी."

"ही म्हातारी कोन तुजी?"

क्षमाने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"माजी आजी हाय ती. बनुबाई. म्या मानसिंग, तिचा नातू." त्याचा आवाज चढला तशी माणसं वळून बघू लागली. "मी इटलीत हुतो तवा पत्र घातलं हुतं, आजीचा फोटू काडून धाडा म्हून. तिकडं पार चेहरा इसरत चाललो हुतो तिचा. बैलगाडीतनं हितवर आनून तिचा फोटू काडला, आन ती घरी जाऊन आजारी पडली ती उठलीच न्हाई. मागनं कोन येनार न्यायला? आन तू तिला उचलून मडमंच्या शेजारी बशिवलीस?"

"चुकलं माझं. मला आजी नव्हती."

"म्हून दुसऱ्याची घ्याची व्हय? इचारलंस तिला?"

"नाही."

"आन त्या मडमंला?"

"तिलाही नाही."

मानसिंग एक पाऊल पुढे सरकला. राग तसाच होता, पण चित्रावरून त्याची नजर हलेना. मग तो हळू म्हणाला, "हितं हासल्यावानी दिसतीया. ती हासायची न्हाई कवा."

"ते मी केलंय."

"मग ही ती न्हवं." त्याने नाक ओढलं. "फोटू दे माजा. आन हितनं तिला काड. लोक बघत्यात."

क्षमाने पिशवीतून मूळ फोटो काढून त्याला दिला. त्याने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून हाताने चाचपला आणि मागे न बघता गेला. तिने चित्र भिंतीवरून उतरवलं. खोलीवर नेऊन सुरीने बनुबाईचा रंग खरवडला. तिच्या जागी नुसती रिकामी वेताची खुर्ची काढावी असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यात शेजारची विणणारी म्हातारीही तिला अनोळखी वाटायला लागली. इतके दिवस जिला आजी म्हटलं तिचं नावदेखील आपण मुद्दाम विसरलो, हे तिला आठवलं. खरवडलेल्या जागेला तिने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी तिला आत बोलावलं. भला माणूस होता. बोलायला अवघड जात होतं म्हणून ते फोटोंच्या काचा पुसत राहिले.

"क्षमा, मला आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मी विचारलं नाही ते तुझ्यासाठीच. लोक आपणहून काय समजायचं ते समजत होते, चाललं होतं. आता गावभर झालंय. काल आमच्या घरीच विचारणा झाली, ही तुमची नात्यातली म्हणजे नेमकी कोण?" त्यांनी काच खाली ठेवली. "काम सोड असं मी म्हणत नाही. पण थोडे दिवस बाहेर गिऱ्हाइकांसमोर येऊ नकोस."

ती बाहेर आली नाही. आतल्या खोलीत बसून ती बाहेरची बोलणी ऐकायची, खुर्च्या सरकल्याचे, पोरांच्या रडण्याचे आवाज ऐकायची. लढाईवरून माणसं परत येऊ लागली होती, खरीखुरी जोडपी शेजारी बसून फोटो काढत होती. जोडफोटोंचं काम तसंही आटलं होतं. दुपारी तात्यांच्या घरून तिच्यासाठी चहा यायचा तो बंद झाला. कुणी बंद केला हे तिने विचारलं नाही. महिनाअखेरीस तिने चित्राची गुंडाळी केली, रंगांची पेटी घेतली आणि साताऱ्याची मोटार धरली.

बोर्डिंगच्या मागच्या बाजूला आईची एक खोली होती. भाकऱ्यांचं काम उरकून अंजना आली तेव्हा लेक जमिनीवर चित्र पसरून बसली होती. अंजना उकिडवी बसली आणि एकेक माणूस बघत गेली. स्वतःला तिने ओळखलं. मग हॅटवाल्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कोन?"

"बाबा."

"ह्यो न्हवं त्यो."

"ठाऊक आहे. चेहरा दुसऱ्याचाय. पण हात त्यांचा आहे. आपल्या फोटोतला."

अंजनाने वाकून हात पाहिला. मग ती हसायला लागली, इतकं की तिला पदर तोंडात धरावा लागला.

"अगं बाय माजे! त्यो हात जोतिबाचा. बंगल्यावर माळी हुता. कुत्रं लय द्वाड, खुर्चीत बसंना, म्हून पट्टा धरून ठेवलेला त्यानं."

क्षमा हातभर लांब सरकली. "मग साहेब कुठे होते?"

"फोटू कोन काडत हुतं मग? साहेबच की."

बाहेर बोर्डिंगच्या मुली हौदावर भांडत होत्या. क्षमाने पेटीच्या तळातून जुना फोटो काढला. इतकी वर्षं ती त्याच्या कडेला बघत आली होती. आता तिने आईचा चेहरा पाहिला. आई समोर बघत होती आणि समोर कुणीतरी उभं होतं.

"तू त्यांच्याकडे बघत होतीस."

"बघाय नगं? त्योच म्हनत हुता, हिकडं बग, हलू नगं. ऊन लय हुतं. डोळ्यांतनं पानी येत हुतं."

"त्यांना माझं ठाऊक होतं?"

अंजनाचं हसू मावळलं. तिने चित्राचा मुडपलेला कोपरा तळहाताने सरळ केला.

"व्हय. ठावं हुतं."

"मग?"

"मग काय? गेला."

अंजना पुन्हा चित्र बघू लागली. थोड्या वेळाने अंजनानेच विचारलं, "आन तुजं तोंड असं राखंवानी का ठिवलंयस?"

"रंग जमेना."

"जल्मलीस तवा लालभडक हुतीस. माकडावानी," अंजना म्हणाली आणि चूल पेटवायला उठली.

क्षमा सांगलीला परत गेली नाही. बोर्डिंगात लहान मुलींना चित्रकला शिकवायचं काम तिला मिळालं. दुपारी आईला उसंत मिळाली की ती तिला अंगणात लिंबाखाली बसवायची आणि रंगवायची. आयुष्यात पहिल्यांदा ती समोर बसलेल्या जिवंत माणसाचं चित्र करत होती. फोटोतली माणसं हलत नसत. आई मात्र हलायची, पेंगायची, मधेच उठून कोंबडी हाकलायची. तिचा रंगही दर घटकेला वेगळा असायचा. चुलीपासून आल्यावर तांबूस, सावलीत मातकट, संध्याकाळी जवळजवळ जांभळा. गव्हाळ रंगाची वाटी इथे कामाची नव्हती.

"माजं काय काडतीस?" अंजना कुरकुरायची. "फूल काड, मोर काड. लोक घेतील तरी."

"लोकांसाठी नाही काढत."

"मग कुनासाटी?"

क्षमा रंग कालवत राहायची. चित्र पुरं व्हायला पावसाळा उलटला. अंजनाने ते एकदाच नीट पाहिलं. "म्हातारी झाले की मी," एवढंच म्हणाली.

त्या हिवाळ्यात तिला खोकला धरला आणि तो गेला नाही. सत्तेचाळीसच्या संक्रांतीनंतर ती वारली. क्षमाने गावाला निरोप धाडला होता, पण कुणी येईल असं तिला वाटलं नव्हतं. राख सावडायच्या दिवशी फेटा बांधलेला एक म्हातारा, अंगावर घोंगडं घेऊन, बोर्डिंगच्या फाटकात उभा राहिला. त्याने नाव सांगायच्या आधीच तिने त्याला ओळखलं. आईची हनुवटी त्याच्या तोंडावर होती.

नाथाजी नदीवरून आल्यावर खोलीच्या दारात बसला. आत आला नाही. समोरच्या भिंतीला चित्र टेकवलेलं होतं. तो ते बघत राहिला.

"तूच काडलंस?"

"हो."

"लय हुबेहूब." त्याने फेट्याच्या शेमल्याने डोळे टिपले. "आयनं मरताना हिचं नाव काडलं हुतं. म्या ऐकलं न्हाई असं केलं."

क्षमाने त्याला चहा दिला. त्याने कपाकडे पाहिलं, थोडा थांबला, आणि प्याला.

"ह्ये देतीस मला?" त्याने विचारलं. "घरात लावीन. आयच्या फोटूशेजारी."

"आजीचा फोटो आहे?"

"हाय की. जत्रंत काडलेला."

क्षमाने रिकामा कप उचलला. तिला विचारायचं होतं, आजी कशी होती, उंच होती का, हसायची का. म्हातारा पायांतल्या वहाणा सारख्या करत होता. त्याला उजेडी गाव गाठायचं होतं.

"न्या," ती म्हणाली.

मोटारस्टँडवर चित्र टपावर टाका म्हणून क्लीनर त्याच्या मागे लागला. नाथाजी ऐकेना. "माजी भन हाय ह्यात," तो म्हणाला आणि घोंगड्यात गुंडाळलेलं चित्र दोन्ही गुडघ्यांत धरून बसला. गाडी सुरू झाली तेव्हा तो खिडकीतून वाकला.

"कवातरी ये," तो म्हणाला. "आयचा फोटू दावीन."

कवातरी म्हणजे कधी, हे विचारायला ती तोंड उघडेपर्यंत गाडी वळली होती. तू इथे एकटी कशी राहतेस, हेही त्याने विचारलं नव्हतं. ती धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिली.

परतीच्या चढावर बोर्डिंगची धोबीण डोक्यावर गाठोडं घेऊन समोरून आली. "कोन गेलं गं गाडीनं?" तिने चालता चालताच विचारलं.

"मामा," क्षमा म्हणाली. आवाज बसला होता, म्हणून तिने तो शब्द पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटला. धोबीण तोवर उतारावर पुढे निघून गेली होती.